शाळा गावची की सरकारची?

अकोल्याहून वाशीमच्या वाटेला लागले की घाटापूर्वीचे शेवटचे मोठे गाव लागते ते पातूर. डोंगरकड्यात कोरलेली लेणी, टेकडीवरची रेणुकामाता, शहाबाबूंचा दर्गा आणि बाजारात एकाच वाक्यात वऱ्हाडी व उर्दू बोलून सौदा पटवणारी माणसे, अशी या गावाची माझ्या मनातली जुनी ओळख. अलीकडे मात्र पातूरचे नाव देशभर झाले ते एका पाटीमुळे. नगरपरिषदेच्या इमारतीवरची ही पाटी. वर मराठीत नाव, खाली तेच उर्दूत. एका माजी नगरसेविकेने तिला हरकत घेतली. राज्याची भाषा मराठी, तेव्हा पालिकेची पाटीही मराठीतच हवी, असे त्यांचे म्हणणे. नगरपरिषदेने २०२० साली बहुमताने ठराव करून ही हरकत फेटाळली. उर्दूचा वापर १९५६ पासून चालत आला आहे, असे कारण दिले. मग जिल्हाधिकारी हरकतीच्या बाजूने, विभागीय आयुक्त नगरपरिषदेच्या बाजूने, पुढे उच्च न्यायालय, त्याच्याही पुढे दिल्ली. १५ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मराठीच्या जोडीला उर्दू लिहिण्यास कायद्याची आडकाठी नाही. गावाने बहुमताने केलेला एक साधा ठराव टिकवायला पाच वर्षे लागली.

पाटीवर बरेच लिहिले गेले आहे, त्यात मी भर घालणार नाही. मला त्या निकालाइतकाच त्याचा दुसरा दिवस महत्त्वाचा वाटला. १६ एप्रिल २०२५ रोजी राज्य सरकारने शासन निर्णय काढला आणि मराठी व इंग्रजी शाळांत पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा सक्तीची केली. एका दिवशी दिल्लीतून निघाला तो निर्णय गावाला आपली भाषा आपण ठरवता येते असे सांगणारा, आणि दुसऱ्याच दिवशी मुंबईहून निघाला तो सहा वर्षांच्या मुलाने कोणती भाषा शिकावी हे ठरवणारा. त्यावर गदारोळ झाला. १७ जूनला दुरुस्ती आली, की हिंदी नको असेल तर दुसरी भारतीय भाषा घ्या. मात्र इयत्तेत निदान वीस मुलांची तशी मागणी हवी. २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द झाले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. वाद मिटला असे समजून आपण सगळे पावसाच्या बातम्यांकडे वळलो.

माझ्या डोक्यातून मात्र तो ‘वीस’ जाईना. कारण हा आकडा मी आधीही ऐकला होता आणि तो भाषेच्या संदर्भात नव्हता.

सांगतो. माझी सारी नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत गेली. निवृत्तीनंतरही जुन्या सहकाऱ्यांकडे जाणे होते. मागच्या हिवाळ्यात असाच पातूरला उतरलो आणि तिथून आलेगावच्या बाजूला डोंगरातल्या एका वस्तीवर गेलो. वस्तीचे नाव देत नाही. तिथल्या शिक्षिकेला त्याचा त्रास व्हायचा. तीसेक घरे, दोन खोल्यांची शाळा, पहिली ते चौथीचे वर्ग आणि पटावर नऊ मुले. पुढची शाळा तीन किलोमीटरवर. मध्ये एक नाला, जो उन्हाळ्यात असून नसल्यासारखा आणि श्रावणात बैल उतरायला तयार होत नाही असा. शाळेच्या भिंतीवर वारली चित्रे काढलेली. मी विचारले, कुणी काढली? बाई म्हणाल्या, गावानेच. रंगाचे पैसे वर्गणीतून आले, चित्रे काढायला त्यांचा भाचा अकोल्याहून आला होता.

ओट्यावर एक म्हातारेबुवा बसले होते. मी शिक्षक होतो हे कळल्यावर त्यांनी मला जवळ बोलावले.

“गुरुजी, मले एक सांगा. हे शाया गावची हाये का सरकारची? गावची असन त सरकार कशी बंद करते? अन् सरकारची असन, त आमी भित्ती काहून रंगोल्या?”

मला उत्तर देता आले नाही. छत्तीस वर्षे मुलांना प्रश्न विचारून झाल्यावर असा एक प्रश्न आपल्या वाट्याला येतो. त्याचे उत्तर शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

शाळा बंद होण्याची भीती म्हातारबुवांच्या मनात आली कुठून? सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने जिल्ह्यांना पत्र लिहिले होते. वीसपेक्षा कमी मुले असलेल्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ करता येतील का, याचे प्रस्ताव मागवले होते. राज्यात अशा सुमारे १४,७०० शाळा आणि त्यांत सुमारे १ लाख ८५ हजार मुले. म्हणजे शाळेमागे साडेबारा मुले. कागदावर हा हिशेब सरळ आहे. साडेबारा मुलांमागे दोन शिक्षक, इमारत, वीजबिल, खिचडी. त्यापेक्षा चार शाळा एक करू, मुलांना गाडी देऊ, खेळाचे मैदान देऊ, संगणक देऊ. पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचे आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळचे नमुने पुढे ठेवले गेले. ही कल्पना दुष्ट आहे असे मी म्हणणार नाही. चौथीच्या वर्गात एकटाच मुलगा बसलेला मी पाहिला आहे. त्याला स्पर्धा नाही, जोडीदार नाही, भांडायलाही कुणी नाही. ते चित्र सुखाचे नव्हे.

पण गाडी कुठवर येणार? वस्तीवरची एक आई मला म्हणाली, “मोठी पोरगी चवथी झाली अन् घरीच बसोली. लहानीले बी घरी बसोता काय आता?” मोठी मुलगी घरी बसली ती पुढची शाळा लांब म्हणून. ही बाई शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य आहे. शिक्षण हक्क कायद्याने या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असे म्हटले आहे. समितीची सभा होते, ठराव लिहिला जातो, सह्या आणि अंगठे होतात. शाळा राहावी की जावी, हे मात्र या समितीला कुणी विचारत नाही.

इथवर वाचून वाचकांना वाटेल की आता हे गुरुजी म्हणणार, शाळा गावाच्या हाती द्या, सरकारचा हात काढा. तसे म्हणणे सोपे आहे आणि टाळ्यांचेही आहे. माझ्या घरातलीच एक गोष्ट मला तसे म्हणू देत नाही.

माझे वडीलही शिक्षक. वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाची, म्हणजे १९४८ नंतरची गोष्ट. त्या वर्षी प्रांताने तालुक्यातालुक्याला जनपद सभा आणल्या होत्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे होत्या. स्थानिक स्वराज्याचा तो मोठा प्रयोग होता. वऱ्हाडातल्या एका तालुक्यात वडील नोकरीला होते. त्यांच्या वर्गात महारवाड्यातली तीन मुले होती, ती दाराजवळ वेगळ्या तरटावर बसत. वडिलांनी काही भाषण वगैरे केले नाही. एके दिवशी तरट कमी पडते असे म्हणून त्यांनी सगळ्यांना एका रांगेत बसवले. पंधरा दिवसांत तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला बदली झाली. सभेतल्या कुणा वजनदार सदस्याचे ते काम होते, गावातल्या सगळ्यांना ते ठाऊक होते. ती बदली रद्द झाली ती गावाच्या दयेने नव्हे. सरकारी शाळा तपासनीस आले, त्यांनी दप्तर पाहिले, मुलांना फळ्यावर गणित घातले, वर काहीतरी लिहून पाठवले आणि वडील परत आले. आई सांगायची, त्या तपासनिसांना घरी जेवायला बोलावले तर त्यांनी नकार दिला, फक्त गूळपाणी घेतले. वडील मरेपर्यंत सरकारला नावे ठेवत नसत. पगार उशिरा आला तरीसुद्धा.

‘गाव’ हा शब्द आपण फार गोड करून ठेवला आहे. गावाचा निर्णय म्हणजे पुष्कळदा गावातल्या चार घरांचा निर्णय. महात्मा फुल्यांना हे एकशेचाळीस वर्षांपूर्वी दिसले होते. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी त्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यात बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा ही मागणी होती, हे आपण शाळेत शिकतो. पण त्याच निवेदनात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, ती आपण विसरतो. शिक्षणाचा निधी स्थानिक समित्यांच्या हाती सोपवू नका. त्यांत पाटील, इनामदार, सरदार असे लोक भरलेले असतात, त्यांना या पैशाचा शहाणपणाने विनियोग करता येणार नाही. कारभार शिक्षण खात्याच्या संचालकाकडे ठेवा आणि सुशिक्षित माणसे समितीवर घ्या, असे त्यांचे म्हणणे होते. शेतकऱ्यांच्या घामाचा कर सरकार उच्चवर्णीयांच्या उच्च शिक्षणावर उधळते म्हणून सरकारवर कोरडे ओढणारा हा माणूस, तरी प्राथमिक शाळेसाठी त्याने सरकारचाच हात धरला. आयोगाने मात्र प्राथमिक शाळा लोकल बोर्डांकडे आणि नगरपालिकांकडे देण्याचीच शिफारस केली.

पुढची पन्नास वर्षे हे दोलकासारखे चालले. गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले, त्यातही सक्ती करायची की नाही हे स्थानिक संस्थांवर सोडले होते. तेही पुढच्या वर्षी फेटाळले गेले. मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने शाळा स्थानिक मंडळांकडे गेल्या. १९२९ मध्ये हार्टॉग समितीने म्हटले की हे हस्तांतर जरा जास्तच झाले, सरकारने आपली जबाबदारी झटकली. शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापुरात सक्ती केली ती कुणाची मते मोजून केली नव्हती.

स्थानिक सत्तेचे याहून काळे रूप पाहायचे तर अमेरिकेत जावे लागते. व्हर्जिनिया राज्यात प्रिन्स एडवर्ड नावाची काउंटी आहे, आपल्याकडच्या तालुक्यासारखी. गोऱ्या आणि काळ्या मुलांना एका शाळेत बसवा, असा न्यायालयाचा आदेश आला तेव्हा तिथल्या स्थानिक मंडळाने १९५९ साली काय करावे? सगळ्या सरकारी शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा उभी राहिली. काळ्या मुलांना जवळजवळ पाच वर्षे शाळाच नव्हती. १९६४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या उघडायला लावल्या. शाळा बंद करण्याचा अधिकार त्या काउंटीला हवा होता आणि तिने तो वापरला. माझ्या वडिलांच्या वर्गातले तरट आणि ही कुलपे यांत मला फार अंतर दिसत नाही.

तर मग सरकारच बरे? तिथेही घोडे अडते. आपल्याच वऱ्हाडातली, याच प्रांताची गोष्ट घ्या. १९३७ नंतर मध्यप्रांत-वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने ‘विद्यामंदिर’ योजना आणली. रविशंकर शुक्ल तिचे जनक. गावाने जमीन दान द्यायची, तिच्या उत्पन्नावर शिक्षकाचा पगार निघायचा, शाळा स्वावलंबी व्हायची. योजना गावासाठीच होती. पण तिचे नाव वरून आले होते. मुसलमानांनी ‘मंदिर’ शब्दाला हरकत घेतली, वाद प्रांताबाहेर गेला, मुस्लिम लीगच्या तक्रारींच्या यादीत जाऊन बसला. १९३९ साली मंत्रिमंडळच गेले. नाव ठरवताना पातूर, बाळापूर किंवा अचलपूरच्या चार माणसांना विचारले असते तर एखादा साधा शब्द सापडला नसता काय? अर्थात मागाहून असे म्हणणे फार सोपे असते.

याच वऱ्हाडात दोन्ही खुर्च्यांवर बसलेला एक माणूस होऊन गेला. डॉ. पंजाबराव देशमुख १९२८ साली अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले. त्यांनी सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या आणि प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीचा आग्रह धरला. दोन वर्षांनी ते प्रांताचे मंत्री झाले आणि शिक्षण खाते त्यांच्याकडे आले. मग शिवाजी शिक्षण संस्थेच्या रूपाने त्यांनी सरकार आणि गाव दोघांच्याही बाहेरची तिसरी वाट काढली. स्थानिक खुर्ची म्हणजे नेहमी पाटलाचीच खुर्ची असते असे नाही, हे त्यांच्यावरून कळते. पण पंजाबराव प्रत्येक जिल्ह्याला मिळत नाहीत. व्यवस्था बसवायची ती पंजाबराव नसतील असे धरूनच बसवायला हवी.

१ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या त्या अशाच विचाराने. त्यांचा आराखडा करणारी समितीही वऱ्हाडातल्याच पुसदच्या वसंतराव नाईकांची. जनपद सभा गेल्या, शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. पैसा सरकारचा, शिक्षक परिषदेचा. मी त्या व्यवस्थेत नोकरी केली. तिचे गुण मी पाहिले आणि दोषही भोगले. मे महिना आला की बदल्यांचा बाजार भरायचा. सदस्यांच्या बैठकीबाहेर शिक्षक चपला काढून उभे असायचे, शिक्षिका आपल्या नवऱ्यांना पुढे करायच्या. नवरा यवतमाळला आणि बायको सातपुड्याच्या पायथ्याशी, अशी घरे मी पाहिली आहेत. २०१७ पासून बदल्या संगणकावर, राज्याच्या एकाच प्रणालीतून होऊ लागल्या. शिक्षक भरतीही परीक्षेतून आणि ‘पवित्र’ पोर्टलवरून. मला हे मनापासून आवडले. संगणकाला चहा पाजावा लागत नाही. फुल्यांनी मागितलेला तो संचालक शेवटी यंत्राच्या रूपाने आला असे मी गमतीने म्हणतो.

पण नेमणूक वर गेली म्हणून बाकी सगळे वरच जावे काय? गणवेशाची कथा घ्या. गणवेशाचे पैसे शाळा व्यवस्थापन समितीकडे येत. ती गावातल्या किंवा तालुक्याच्या दुकानातून कापड घेई, ओळखीच्या शिंप्याकडून शिवून घेई. त्यात क्वचित खाल्लेही जाई. मी भाबडा नाही. मग आली ‘एक राज्य, एक गणवेश’ योजना. २०२४-२५ या वर्षासाठी कापड राज्याने एकगठ्ठा घेतले, शिवण्याचे काम महिला बचत गटांना दिले. शाळा जूनमध्ये भरल्या आणि ठिकठिकाणी गणवेश महिनोन्महिने आले नाहीत. आले ते पुष्कळदा मापाचे नव्हते. कसे असणार? पोराचे माप त्याच्या आईला ठाऊक असते, नाहीतर गल्लीतल्या शिंप्याला. डिसेंबर २०२४ मध्ये सरकारने तो अधिकार समितीला परत केला. चूक मान्य करून माघार घेतली, हे चांगलेच झाले.

पुढच्याच महिन्यात उलट दिशेची गोष्ट घडली. नोव्हेंबर २०२३ पासून शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे किंवा केळे द्यायचे ठरले होते. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने अंड्यासाठीचा वेगळा निधी काढून घेतला आणि सांगितले की समितीने हवे तर लोकसहभागातून अंडी द्यावीत. गणवेशाचे कापड कोणते हे ठरवायला ज्या समितीला लायक मानले नव्हते, तिने आता अंड्यांसाठी वर्गणी गोळा करायची. आणि वर्गणी निघणार कुठे? बाजारपेठेच्या गावात, जिथल्या मुलांना घरीही अंडे मिळते. डोंगरातल्या वस्तीवर रंगाच्या डब्यापुरती वर्गणी निघते, तीही एकदाच. म्हातारबुवांच्या प्रश्नातला उत्तरार्ध मला इथे कळला. अधिकार वर जातो आणि खर्च खाली येतो. भांडण गाव आणि सरकार यांच्यात कोण थोर असे नाहीच. हा भार आणि अधिकार एकमेकांपासून तोडण्याचा प्रकार आहे.

एक किलोमीटरचा हिशेबही असाच. शिक्षण हक्काच्या नियमांप्रमाणे आपल्या राज्यात पाचवीपर्यंतची शाळा एका किलोमीटरच्या आत असायला हवी. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी सरकारने नियम बदलून सांगितले की एका किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेने गरीब मुलांसाठी पंचवीस टक्के जागा राखण्याची गरज नाही. जवळ आपली शाळा आहे ना, मग पुरे. मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ ला ही दुरुस्ती रद्द केली. आता हे दोन कागद शेजारी ठेवा. मजुराच्या मुलाला पिवळ्या गाडीच्या शाळेत जायचे असते तेव्हा सरकारी शाळा जवळ आणि पुरेशी असते. तीच शाळा चालवायची वेळ आली की पट कमी आणि शाळा परवडत नाही. एकच किलोमीटर, पण सोयीप्रमाणे आखडतो आणि लांबतो.

बरे, अंतर नुसते किलोमीटरचेही नसते. पातूरसारख्या गावात मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. समजा एखाद्या लहान गावात उर्दू शाळेत चौदा मुले उरली आणि अर्ध्या किलोमीटरवर मराठी शाळा आहे. नकाशा म्हणेल, जोडा. पण त्या चौदा मुलांना अर्ध्या किलोमीटरवर एक दुसरी भाषा भेटणार आहे. घटनेचे ३५० क कलम १९५६ साली आले, ते नेमके याच जागी बोलते. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी प्रयत्न करायचे ते राज्याने आणि राज्यातल्या प्रत्येक स्थानिक संस्थेने, असे त्यात दोघांचे नाव घेऊन म्हटले आहे. कुणा एकाला निसटता येऊ नये म्हणूनच घटनेने दोघांनाही बांधले असावे असे मला वाटते. बेळगाव-निपाणीकडच्या आपल्या मराठी शाळांसाठी आपण याच कलमाचा आधार घेतो. पातूरच्या उर्दू शाळेला ते कमी लागू होत नाही.

मग करावे काय? सगळे ठरवून देण्याइतका मी मोठा नाही. पण एक जुना नमुना माझ्या नजरेसमोर आहे, आणि तो शेजारच्याच राज्याचा. मध्य प्रदेशाने १९९७ साली शिक्षण हमी योजना आणली. ज्या वस्तीपासून एका किलोमीटरच्या आत शाळा नाही आणि चाळीस मुले आहेत, आदिवासी भागात पंचवीस, त्या वस्तीने मागणी केली की सरकारने नव्वद दिवसांत शाळा द्यायची. गुरुजी गावाने सुचवायचा, पैसे सरकारने द्यायचे. मागणी खालून आणि बंधन वर. तिथल्या गुरुजींना पगार तुटपुंजा मिळे आणि त्यांचे प्रशिक्षण कच्चे होते, ही टीका झाली आणि ती खरीच होती. पण त्या वस्त्यांनी आपल्या मुलांची नावे स्वतः मोजून, लिहून सरकारला दिली. आपल्याकडेही २००० नंतर वस्तीशाळा आल्या, पुढे त्यांतल्या पुष्कळशा नियमित शाळा झाल्या. मी सांगितलेली ती डोंगरातली शाळा मुळात वस्तीशाळाच होती. उघडताना वस्तीने मागितली म्हणून उघडली. बंद करताना वस्तीची संमती का लागू नये?

माझे म्हणणे एवढेच. पैसा, शिक्षकाची नेमणूक, आणि कुणालाही दाराबाहेर वेगळ्या तरटावर न बसवण्याची हमी, या तीन गोष्टी सरकारकडेच राहाव्यात. त्या गावावर सोडण्याइतका माझा गावावर विश्वास नाही. पण शाळा किती लांब म्हणजे लांब, नाला किती दिवस भरून वाहतो, पोरी कुठवर पायी जातील, गाडी नेमकी कुठे थांबेल, हे मुंबईला किंवा पुण्याला दिसत नाही. ते ठरवायचा अधिकार ग्रामसभेला हवा. आणि त्या ग्रामसभेत ज्यांची मुले त्या शाळेत आहेत त्यांचे मत आधी मोजले जावे. नाहीतर ज्यांची मुले पिवळ्या गाडीने जातात तेच हात वर करून वस्तीची शाळा मोडतील, ही भीती उरतेच. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अकराव्या परिशिष्टात पंचायतींच्या विषयांत प्राथमिक शिक्षण घातले, त्याला तीस वर्षे होऊन गेली. शिक्षण हक्क कायद्याने जवळच्या शाळेची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. जबाबदारी आहे, अधिकार नाही. हे लग्नात जावयाला जोखमीची कामे सांगून पंगतीत शेवटी बसवण्यासारखे आहे.

यावर एक आक्षेप येईल आणि तो खोटा नाही. ग्रामसभा कोणतीच शाळा बंद करू देणार नाही, पटावर दोन मुले असली तरी. मग खर्चाचे काय? माझा अनुभव वेगळा आहे. आईबापांना आपल्या मुलाचे हित कळते. गाडी खरोखर दारापर्यंत येते, पावसाळ्यातही येते, आणि पुढच्या शाळेत दहावीपर्यंत सोय आहे असे त्यांना एक वर्ष दाखवून द्या. पुष्कळ वस्त्या स्वतःहून जायला तयार होतील. आधी शाळेला कुलूप आणि मग गाडीचे बघू, या क्रमाची त्यांना धास्ती आहे. तो क्रम त्यांनी दवाखान्याच्या, एसटीच्या आणि रेशनच्या बाबतीत अनुभवलेला असतो.

त्या दिवशी परत निघताना बाईंनी मला हजेरीपट दाखवला. शिक्षकाला शिक्षकाने हजेरीपट दाखवणे म्हणजे घरचे देव दाखवण्यासारखे. नऊ नावे शाईने लिहिलेली, अक्षर सुबक. दहावे नाव पेन्सिलीने. मी विचारले, हे काय? विटभट्टीवर गेलेल्या कुटुंबातली मुलगी, दिवाळीनंतर आईबापांबरोबर गेली ती अजून आली नव्हती. नाव लावावे तर हजेरी खोटी, आणि काढावे तर पट आणखी एकाने कमी. “आली की शाईने लिहीन,” बाई म्हणाल्या आणि पट कपाटात ठेवून त्यांनी खिचडीची घंटा दिली.